हानी लिहिताना : फैजपूरच्या ठरावापासून केळीच्या दाव्यापर्यंत

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन फैजपूरला भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सोबत्यांनी पायाला भिंगरी लावून केलेली तयारी, नंदलाल बोस यांनी गावच्याच साहित्याने सजवलेले टिळकनगर, अध्यक्षस्थानी जवाहरलाल नेहरू, हे सारे आमच्या भागात अजून अभिमानाने सांगितले जाते. त्या अधिवेशनाने संमत केलेला शेतीविषयक ठराव मात्र फार थोड्यांनी वाचला आहे. औपचारिक इंग्रजीत हानी कशी मांडावी याचा नमुना म्हणून तर त्याच्याकडे कोणी पाहतच नाही. तो तसा पाहावा, एवढ्यासाठी हा लेख.

ठरावाचा इंग्रजी मजकूर सुरुवातीलाच हानीचे नाव घेतो : शेतकऱ्याचे दारिद्र्य, त्याची बेकारी, त्याचे कर्ज. त्याच वाक्यात कारण येते. जुनाट आणि जाचक जमीनधारा पद्धत व महसूल पद्धत हे मूळ कारण. मग वेगळे क्रियापद वापरून दुसरे कारण येते : शेतमालाचे भाव कोसळल्याने गेल्या काही वर्षांत हे दुखणे बळावले. एक कारण मुळाशी, दुसरे भर घालणारे. दोन्ही एकाच वाक्यात आहेत, पण एकमेकांत मिसळलेली नाहीत.

हा फरक त्या काळी फार मोलाचा होता. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापूस, शेंगदाणा, गूळ सगळ्यांचेच भाव पडले होते. ठरावाने फक्त मंदीला दोष दिला असता तर सरकारला सांगता आले असते की थांबा, भाव वाढतील आणि सारे ठीक होईल. फक्त जमीनधाऱ्याला दोष दिला असता तर ज्या शेतकऱ्याचा माल त्याच वर्षी मातीमोल गेला होता, त्याला हा ठराव आपला वाटला नसता. कारणांचा क्रम लावल्यामुळे उपायांचाही क्रम लागला. सारा व खंड कमी करावा, पोट भरण्याइतकेही न पिकणाऱ्या जमिनीला माफी द्यावी, वेठबिगार व सरंजामी वसुली बंद करावी, कर्जाचा बोजा हलका करावा, शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी मिळावी. प्रत्येक मागणी वर सांगितलेल्या एखाद्या हानीला उत्तर देते. पुढच्या वर्षी निवडणुका झाल्या, मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले आणि १९३८ मध्ये लहान शेतकऱ्यांना दिलासा देणारा, तर १९३९ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. याचे श्रेय ठरावाच्या वाक्यरचनेला देणे बरोबर नाही. त्यामागे शेतकऱ्यांची मोठी चळवळ होती. पण कायदा लिहिणाऱ्याच्या हाती नेमका मजकूर पडला तर त्याचे काम सोपे होते, हे नक्की.

आज याच पट्ट्यात, म्हणजे फैजपूर, सावदा, रावेर, यावल या भागात, हानी वेगळ्या रूपाने येते. मे-जूनच्या वादळात निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली, केळी आडवी होते. सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग आला की पोंगा सडतो आणि नवी लागवड उपटून बांधावर टाकावी लागते. हिवाळ्यात थंडी पडली की घड भरत नाहीत. तलाठ्याकडचा पंचनामा मराठीत होतो, तहसीलचा अर्जही मराठीत चालतो. पण विमा कंपनीचे मुख्य कार्यालय, टिश्यू कल्चरची रोपे देणाऱ्या कंपनीच्या अटी, निर्यातदाराशी केलेला करार हे बहुतेक इंग्रजीत असतात. आणि प्रकरण उच्च न्यायालयात पोचले, म्हणजे आपल्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापुढे गेले, की राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमानुसार तिथल्या कामकाजाची भाषा इंग्रजीच. बागेत काय घडले हे ज्याने कधी केळीचे खोड हातात धरले नाही, अशा माणसाला परक्या भाषेत, कागदावरून, कळवायचे असते.

इथे पहिली अडचण आपल्या बोलण्याच्या सवयीतून येते. आपण 'नुकसान झालं' म्हणतो, 'बाग गेली' म्हणतो, 'पोरगं हातचं गेलं' म्हणतो. या वाक्यांत कोणी काही केलेले नसते, सगळे आपोआप घडलेले असते. गावात ते पुरते, कारण ऐकणाऱ्याला बाकीचे ठाऊक असते. बाग कोणाची, वारा कधी सुटला, रोपे कुठून आणली होती, कर्ज कोणत्या सोसायटीचे, हे सांगावे लागत नाही. हेच वाक्य जसेच्या तसे इंग्रजीत उतरले की 'ह्यूज लॉस हॅपन्ड' असे काहीतरी होते. मुंबई-दिल्लीच्या वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही आणि तो पुढचे पान उलटतो. तो निर्दय असतो म्हणून नव्हे. त्याला काही करता यावे असे त्या वाक्यात काही नसते.

दुसरी अडचण इंग्रजीकडून येते. सरकारी इंग्रजीत हानी झाकण्याची जुनी रीत आहे. भुसावळ स्थानकावर गाडी उशिरा धावत असली की 'द इनकन्व्हिनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड' अशी घोषणा होते. गैरसोय कोणी केली, कोणाची झाली, किती झाली, खेद कोणाला आहे, यातले एकही त्या वाक्यात नाही. घोषणेत ते चालून जाते. पण हीच धाटणी अहवालात, नोटिशीत, चौकशीच्या कागदात शिरते. 'ॲडव्हर्स इम्पॅक्ट', 'अनफॉर्च्युनेट इन्सिडेंट', 'सर्टन लॅप्सेस वेअर ऑब्झर्व्ह्ड'. माणूस मेला असला तरी 'इन्सिडेंट'. धरणाचे पाणी शेतात शिरले तरी 'इम्पॅक्ट'. वर अर्जदार पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेल्या पद्धतीने 'आय बेग टू स्टेट' असे सुरू करतो आणि 'काइंडली डू द नीडफुल' असे संपवतो. नेमके काय करावे, हे साहेबाच्या मर्जीवर सोडून देतो. नम्रता आणि धूसरपणा एकच आहेत असा आपला ग्रह झाला आहे. तो चुकीचा आहे, आणि हे दाखवायला दूर जायची गरज नाही.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगाला इंग्रजीत निवेदन दिले. त्यात त्यांनी हिशेबाने बोलावे तसे सांगितले : सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो, त्यातून चालणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो आणि रयत अज्ञानात राहते. पैसा कोणाचा, फायदा कोणाचा, तोटा कोणाचा, तिन्ही पक्ष वाक्यात हजर. मग मागणी, तीही मोजून सांगितलेली : किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. निवेदनाची भाषा अदबीची आहे. आयोगाचा अपमान होईल असा शब्द त्यात नाही. तरी वाचणाऱ्याला पळवाट ठेवलेली नाही.

या बाबतीत सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट गोपाळ कृष्ण गोखले यांची आहे, कारण ती एका मोठ्या फजितीतून सुरू होते. १८९७ साली गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेले होते. पुण्यात तेव्हा प्लेग होता आणि प्लेग अधिकारी रँड यांच्या हाताखाली सोल्जर घरोघर झडत्या घेत होते. लोकांचे हाल होत होते यात शंका नव्हती. त्याच साली पंडिता रमाबाईंनीही पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळातील स्त्रियांच्या हालांबद्दल 'बॉम्बे गार्डियन' या इंग्रजी पत्रात लिहिले होते. गोखल्यांना पुण्याच्या मित्रांची पत्रे आली. त्यांत सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांपैकी एकीने आत्महत्या केली, असे कळवलेले होते. त्या पत्रांवर भरवसा ठेवून गोखल्यांनी जुलैमध्ये 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये ही गोष्ट सांगितली. इंग्लंडमध्ये खळबळ उडाली. पुरावा मागण्यात आला. गोखले परतले तेव्हा पत्रलेखक पुढे यायला तयार नव्हते. ४ ऑगस्टला गोखल्यांनी गव्हर्नरची, प्लेग समितीची आणि सोल्जरांची विनाअट माफी मागितली. पुढे कित्येक वर्षे हा डाग त्यांच्या नावामागे राहिला.

यातून पुण्याच्या लोकांचे काय नुकसान झाले ते पाहावे. झडत्यांत लोकांचा जो खरा अपमान झाला, घरे उघडी पडली, सामान जाळले गेले, देवघरात बूट शिरले, ते सारे एका सिद्ध न झालेल्या आरोपाखाली गाडले गेले. वाद त्या आरोपावरच फिरत राहिला. औपचारिक इंग्रजीत पाहिलेली गोष्ट, दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट आणि आपला तर्क यांना वेगळी क्रियापदे असतात. 'आय सॉ', 'आय वॉज टोल्ड बाय', 'आय बिलीव्ह'. 'रिपोर्टेड' वेगळे, 'अलेज्ड' वेगळे, 'एस्टॅब्लिश्ड' वेगळे. हे केवळ वकिली बारकावे नव्हेत. ज्याने सोसले आहे त्याच्या बाजूने बोलताना हा फरक पाळला नाही तर किंमत तोच मोजतो.

पाच वर्षांनी, २६ मार्च १९०२ रोजी, कलकत्त्याच्या कायदे मंडळात व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्यासमोर गोखले पहिल्या अर्थसंकल्पीय भाषणासाठी उभे राहिले तेव्हा ते वेगळेच लेखक होते. सरकार दरवर्षी शिल्लक दाखवत होते आणि ती भरभराटीची खूण म्हणून मिरवत होते. गोखल्यांनी त्या शिल्लकीचा उगम दाखवला. रुपयाचा विनिमय दर सुमारे १३ पेन्सवरून १६ पेन्सवर चढवल्याने इंग्लंडला पाठवायच्या रकमेत सरकारचे कोट्यवधी रुपये वाचले होते. पण रुपया पडला होता तेव्हा लादलेले कर तसेच ठेवले होते. देशात दुष्काळ आणि प्लेग असताना गरजेपेक्षा जास्त पैसा लोकांच्या खिशातून काढला जात होता. मग त्यांनी सांगितले की अशी शिल्लक दुहेरी अन्याय आहे : एक, ती मुळात घेतली जाते हा, आणि दुसरा, तिच्यामुळे लोक सुखात आहेत असा खोटा समज पसरतो हा. आरोप इतका कडक, पण पुरावा सरकारच्याच हिशेबाच्या वह्यांतला. नाकारायचा कसा? मिठावरचा कर कमी करा, प्राप्तिकराची मर्यादा वाढवा अशा मागण्या त्यांनी स्पष्ट केल्या होत्या. १९०३ मध्ये मिठावरचा कर मणाला अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची मर्यादा पाचशेवरून हजार रुपये झाली.

शाळा-महाविद्यालयांत इंग्रजी शिकवताना कादंबरीतले उतारे असतात, कविता असतात. हे भाषण असायला हवे. एका परक्या भाषेत सत्ताधाऱ्याला तोंडावर 'तुमच्यामुळे हे नुकसान झाले' असे सभ्यपणे, आकड्यांनिशी कसे सांगावे, याचा त्याहून चांगला धडा मला माहीत नाही.

आता खात्रीचा प्रश्न. हानी होईलच, होण्याचा संभव आहे, की होऊ शकते? मराठीत आपण यात बरेच ढिले असतो. औपचारिक इंग्रजीत यावर माणसांचे जीव अवलंबून राहिले आहेत. सिगारेटच्या पाकिटाचा इतिहास पाहा. अमेरिकेत १९६४ साली सर्जन जनरलचा अहवाल आला. १९६६ पासून पाकिटावर छापले गेले की सिगारेट आरोग्याला घातक असू शकते : 'मे बी'. १९७० च्या सुमारास ते 'इज डेंजरस' झाले. १९८५ पासून 'कॉजेस' आले : धूम्रपानामुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो. 'मे बी'पासून 'कॉजेस'पर्यंत पोचायला सुमारे वीस वर्षे लागली, आणि त्या वीस वर्षांत तंबाखू कंपन्यांनी धूसर शब्दांच्या आडोशाने भरपूर माल विकला. लक्षात घ्यावी अशी आणखी एक गोष्ट म्हणजे १९८५ च्या त्या इशाऱ्यात कर्करोगासाठी 'कॉजेस' आहे आणि त्याच वाक्यात गरोदरपणातील गुंतागुंतीसाठी 'मे' आहे. जिथे खात्री होती तिथे खात्री, जिथे नव्हती तिथे शक्यता. आपल्याकडे १९७५ च्या कायद्याने 'इन्ज्युरियस टू हेल्थ' हे शब्द आणले. ते खोटे नव्हते, पण कोणता अवयव, कोणता आजार, काहीच सांगत नव्हते. २०१८ पासून पाकिटावर चित्रासह 'टोबॅको कॉजेस कॅन्सर' आले. खानदेशात गुटखा-तंबाखूने गाल आक्रसलेली माणसे पाहिलेल्या कोणालाही या दोन वाक्यांतला फरक समजावून सांगावा लागणार नाही.

असाच नेमकेपणा कीटकनाशकाच्या डब्यावर असतो. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालच्या नियमांनी लाल, पिवळा, निळा, हिरवा असे त्रिकोण ठरवून दिले. लाल त्रिकोण अत्यंत विषारी, सोबत कवटीचे चिन्ह. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २००३ मध्ये आलेल्या जागतिक लेबल पद्धतीत इंग्रजी वाक्येही ठरवून दिलेली आहेत. पोटात गेल्यास 'फेटल', त्याखालोखाल 'टॉक्सिक', त्याखाली 'हार्मफुल'. कर्करोगाच्या बाबतीत 'मे कॉज कॅन्सर' हे वरच्या पायरीचे आणि 'सस्पेक्टेड ऑफ कॉजिंग कॅन्सर' हे खालच्या पायरीचे. शब्द आवडीप्रमाणे बदलायचे नाहीत. हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या अहवालांतही 'लाइकली' म्हणजे शंभरातून किमान ६६ वेळा, 'व्हेरी लाइकली' म्हणजे किमान ९० वेळा, असे ठरलेले आहे. डब्यावरच्या शब्दांची एवढी काळजी घेऊनही २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. डब्यावरचे बारीक अक्षर पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराने वाचावे अशी अपेक्षाच अन्यायाची आहे. लेखन नेमके असणे आणि ते ज्याच्या जिवाशी संबंधित आहे त्याच्यापर्यंत पोचणे, या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत आणि दुसरी कंपनीची व सरकारची आहे.

'नंतर' आणि 'मुळे' यांची गल्लत ही आणखी एक खोड. दाव्यांचे कागद सर्वाधिक इथेच पडतात. समजा शेजाऱ्याने मक्यात टू-फोर-डी हे तणनाशक मारले आणि आपल्या कपाशीची पाने आक्रसून बोटांसारखी झाली. 'आफ्टर स्प्रेइंग, माय कॉटन वॉज डॅमेज्ड' एवढेच लिहिले तर समोरचा म्हणेल की नंतर झाले असेल, त्यामुळे कशावरून? रोग असेल, खत जास्त झाले असेल. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ मध्ये याच प्रश्नासाठी काही कसोट्या सांगितल्या. कारण आधी घडले का, मात्रा वाढली की परिणाम वाढतो का, हेच इतरत्रही दिसले का, त्यामागे समजेल अशी प्रक्रिया आहे का. हिल यांच्यासमोर कारखान्यातले आजार होते, पण शेताच्या बांधावरही त्या कसोट्या चालतात. वारा त्या दिवशी कोणत्या दिशेने होता? बांधालगतच्या ओळी सर्वांत जास्त बिघडल्या आणि आत जावे तशा कमी, असे आहे का? शेताच्या दुसऱ्या टोकाची कपाशी ठणठणीत आहे का? ही तीन निरीक्षणे तीन छोट्या वाक्यांत लिहिली की मग 'बिकॉज ऑफ' लिहायचा अधिकार मिळतो. त्याआधी तो नाही.

हे सगळे पाळूनही ऐकले जाईलच असे नाही. अमेरिकेत अवकाशयानाच्या अग्निबाणांचे काम करणाऱ्या कंपनीत रॉजर बॉइसजॉली नावाचे अभियंते होते. ३१ जुलै १९८५ रोजी त्यांनी उपाध्यक्षांना लेखी कळवले की सांध्यांतल्या रबरी कड्यांचा प्रश्न तातडीने सोडवला नाही तर मोठा अनर्थ होईल आणि माणसे मरतील. हे त्यांनी अशाच नेमकेपणाने, आडपडदा न ठेवता लिहिले. चॅलेंजर यानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्रीही त्यांनी विरोध केला. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर फुटले आणि सात जण गेले. पण चौकशी आयोगापुढे तो कागद होता. कोणाला काय कळवले होते, कधी, किती स्पष्टपणे, यावर वाद घालता आला नाही.

याच्या उलट उदाहरण कोलंबिया यानाचे. जानेवारी २००३ मध्ये उड्डाणाच्या वेळी फोमचा एक तुकडा सुटून पंखावर आदळला. अभियंत्यांनी सादरीकरणाची एक पाटी, म्हणजे स्लाइड, केली. तिच्या मोठ्या शीर्षकाचा सूर दिलासा देणारा होता. अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, खरी बाब होती : आदळलेला तुकडा सुमारे १,९२० घन इंच होता आणि चाचण्या ज्यावर झाल्या तो तुकडा ३ घन इंच. म्हणजे चाचणीपेक्षा ६४० पट मोठा. मधल्या ओळींत 'सिग्निफिकंट' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि दरवेळी त्याचा अर्थ वेगळा होतो. निर्णय घेणारे शीर्षक वाचून निघून गेले. १ फेब्रुवारीला यान परतताना तुटले. कल्पना चावला त्यातच होत्या. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी या पाटीची ओळ न् ओळ चिरफाड केली आणि अधिकृत चौकशी मंडळानेही अशा पाट्यांच्या सवयीवर ताशेरे ओढले. पाटी लिहिणाऱ्याला धोका माहीत होता. त्याने तो लिहिलाही होता. फक्त तो तळाशी ठेवला होता. हानीचे सर्वांत गंभीर वाक्य वर घ्यायचे, हे शिकण्यासाठी दुसऱ्या उदाहरणाची गरज नसावी.

तर परत केळीच्या बागेत येऊ. समजा २ जूनच्या वादळात एका शेतकऱ्याच्या ३,००० खोडांपैकी १,८५० पडली. पडलेली सर्व निसवलेली होती. नेहमीचा कागद असा जातो : 'ड्यू टू हेवी विंड लॉट ऑफ डॅमेजेस हॅव बीन हॅपन्ड इन माय फार्म. आय ॲम पुअर फार्मर. काइंडली डू द नीडफुल.' यात एक जागा फार घातक आहे. पिकाचे नुकसान म्हणजे 'डॅमेज', एकवचनी. 'डॅमेजेस' म्हणजे कायद्यात नुकसानभरपाईची रक्कम. ही चूक व्याकरणाची म्हणून सोडून देता येत नाही, कारण वकील ते वाक्य वेगळ्या अर्थाने वाचू शकतो. 'पुअर फार्मर' या शब्दांनी कीव येईल, दावा पुढे सरकणार नाही.

त्याऐवजी पहिलेच वाक्य असे ठेवता येते : 'ऑन द इव्हिनिंग ऑफ २ जून, विंड ब्रोक १,८५० ऑफ द ३,००० बनाना प्लँट्स इन माय फील्ड.' कर्ता वारा आहे आणि तो वाक्यात उभा आहे. पुढे गट क्रमांक. मग नुकसान कसे होते ते, कारण वाचणाऱ्याला केळी माहीत नसते : केळीचे खोड मोडले की घड तिथेच थांबतो, पुढे भरत नाही, आणि मोडलेल्या खोडाला दुसऱ्यांदा घड येत नाही. म्हणून 'नन ऑफ दीज बंचेस कॅन नाऊ बी सोल्ड'. इथे 'कॅन' ठामपणे लिहायचे, 'मे नॉट बी' नव्हे, कारण यात शंका नाही. उरलेल्या १,१५० खोडांबद्दल मात्र आजच सांगता येत नसेल तर तसे लिहावे : मुळे हलली आहेत, काही पुढच्या पंधरवड्यात पडण्याचा संभव आहे, 'आर लाइकली टू'. न पडलेलीही पडली म्हणून लिहिण्याचा मोह टाळावा. पाहणीला आलेला माणूस खोडे मोजतो आणि एक आकडा खोटा निघाला की बाकीचे सगळे संशयात जातात. गोखल्यांचे १८९७ साली तेच झाले होते.

पैशाचे परिणाम त्यानंतर, आणि तेही साखळीने : विक्री गेली, म्हणून सोसायटीचे पीककर्ज अमुक तारखेला फेडता येणार नाही, म्हणून पुढच्या लागवडीचे कर्ज मिळणार नाही. प्रत्येक दुव्याला कागद जोडता आला पाहिजे : रोपांचे बिल, कर्जाचा उतारा, आदल्या वर्षीच्या विक्रीच्या पट्ट्या. ज्या दुव्याला कागद नाही तो दुवा वाक्यात कमी ठामपणे लिहावा, पण गाळू नये.

विम्याचा कागद असेल तर आणखी एक गोष्ट. हवामान आधारित फळपीक विम्यात थंडी किंवा उष्णतेची भरपाई आपल्या शेतातल्या पिकावर ठरत नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. तिथे बाग किती करपली याचे हृदय पिळवटणारे वर्णन लिहून उपयोग नसतो. सलग किती दिवस तापमान ठरलेल्या अंशाच्या खाली किंवा वर होते, हे केंद्राच्या आकड्यांसह लिहायचे आणि केंद्रच बंद होते अशी तक्रार असेल तर ती वेगळ्या परिच्छेदात, तारखांसह मांडायची. वादळ-गारपिटीसारख्या बाबींत कळवण्याची मुदत तासांत मोजलेली असते, म्हणून कागदावर फक्त तारीख नव्हे, वेळही हवी.

आणि मागणी. 'नीडफुल' नको. पाहणी कोणी, कुठे, कोणत्या तारखेच्या आत करावी, हे लिहायचे. तसे न झाल्यास काय होईल तेही, धमकीच्या सुरात नव्हे, जे घडणारच आहे ते म्हणून : पडलेली खोडे जागीच सडतात, पाऊस सुरू झाला की वाफ्यात वास आणि किडी होतात, त्यामुळे १२ जूननंतर ती शेताबाहेर काढावीच लागतील, आणि मग मोजायला काही उरणार नाही. हे वाक्य इंग्रजीत 'इफ'ने सुरू होते, त्यात एक तारीख असते आणि शेवटी 'विल' असते. खाली सही, गट क्रमांक, मोबाइल क्रमांक, सोबत जोडलेल्या फोटोंची यादी आणि प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांना. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघायचे नाही.